रेगेन्सबुर्गच्या दारातला कूजा

नमस्कार, मित्रांनो. चेन्नईतल्या तांबरमच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, फ्रिजच्या डोक्यावर बसलेला पितळी कूजा तुमच्याशी बोलतो आहे. अंबुजाबाई मला कूजा म्हणतात, कारण त्यांचं घराणं तंजावरी मराठी. त्यांची सून देविका चेन्नईजवळच्याच आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली, मूळची साताऱ्याकडची. ती मला फिरकीचा तांब्या म्हणते. नाव काहीही घ्या, काम एकच. झाकण फिरवून घट्ट लावायचं, वरची कडी धरायची आणि प्रवासाला निघायचं. आत घरचं पाणी.

कुंभकोणमच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. आतून कल्हई केली. एकोणीसशे अठ्ठावन्न साली अंबुजाबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर आलो. त्यांचे यजमान राणोजीराव रेल्वेत होते, त्यामुळे आमचा प्रवास भरपूर. एग्मोर स्टेशनातून गाडी सुटली की मी खिडकीशी. बाहेरचं पाणी अंबुजाबाईंनी कधी तोंडात घेतलं नाही. त्यांचं सोवळं कडक आणि माझा मान मोठा! शेजारची माणसं म्हणायची, "काय चकचकीत ठेवलाय हो!" मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पुढे राणोजीराव गेले. मुलगा सेतुमाधव मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर झाला. दोन हजार सहा साली कंपनीने त्याला दीड वर्षासाठी म्युनिकला पाठवलं. देविकाही गेली. मग दोन महिन्यांसाठी अंबुजाबाई निघाल्या आणि नऊवारीत गुंडाळून त्यांनी मलाही बॅगेत घातलं.

"अहो आई, तिथे नळाचंच पाणी चांगलं असतं," देविका फोनवर म्हणाली होती.

"असू दे की. मी त्यांच्या पाण्याला नाव कुठे ठेवलं?" अंबुजाबाई म्हणाल्या.

एका शनिवारी सगळे आगगाडीने रेगेन्सबुर्गला निघाले. जुनं गाव, डॅन्यूब नदी, दगडी पूल आणि दोन उंच मनोऱ्यांचं मोठं कॅथेड्रल. डब्यात दहीभात होता. माझ्यात उकळून गार केलेलं पाणी होतं. गावात पावसाने ओल्या झालेल्या दगडी रस्त्यांवरून फिरत फिरत आम्ही कॅथेड्रलच्या दाराशी आलो. अंबुजाबाईंनी मान वर करून मनोरे बघितले, हात जोडले आणि पायातल्या चपला काढल्या.

"आई, इथे काढत नाहीत," सेतुमाधव म्हणाला.

"ते काढत नाहीत तो त्यांचा रिवाज. देवाच्या दारात मी पायताण घालून जाऊ होय? तूही काढ."

काय करणार बिचारा! त्याने बूट काढले, देविकाने काढले. भिंतीला लागून तीन जोड नीट मांडले गेले. प्यायचं भांडं गाभाऱ्यात नेत नाहीत, म्हणून अंबुजाबाईंनी मला चपलांशेजारी ठेवलं. "राखण कर रे," म्हणाल्या. आणि तिघंही पायमोज्यांनी आत गेली.

आत काय होतं ते मला विचारू नका, मी बाहेर होतो. बाहेर मात्र गंमतच झाली. येणारेजाणारे थबकायला लागले. चपला आहेत, माणसं नाहीत. आणि मध्ये घट्ट झाकण लावलेलं एक धातूचं भांडं! काळ्या कोटातला रखवालदार वाकला, बघितलं आणि झटकन मागे सरला. त्या वर्षांत गाड्यांत, बाजारांत बॉम्ब फुटत होते, सगळीकडेच माणसं धास्तावलेली. दहा मिनिटांत पोलीस आले. लालपांढरी फीत बांधली. दार बंद केलं आणि आतल्या लोकांना बाजूच्या दाराने काढायला लागले. मला आधी हसू येत होतं. पोटात काय, तर पाणी! पण कोणीतरी फोनवर बोलत माझ्याकडे बोट दाखवत होतं, आणि ते बोलणं काही मला सांभाळून घरी पोचवण्याचं वाटत नव्हतं. मग मात्र मी घाबरलो.

बाजूच्या दाराने आमची माणसं आली. फितीपाशी एक तरुण पोलीस उभा होता. त्याने मोठ्याने विचारलं, "हे कुणाचं आहे?" आधी त्याच्या भाषेत, मग इंग्रजीत.

सेतुमाधवने मला बघितलं. मी त्याला बघितलं. लहानपणी तापात याला मी थेंब थेंब पाणी पाजलं होतं. पण त्याच्या खिशात कंपनीचं ओळखपत्र होतं, तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायचा अर्ज अजून साहेबाच्या टेबलावर होता. परका देश, पोलीस, भोवती गर्दी. तो बोलला नाही.

"अहो, सांगा ना," देविकाने त्याची बाही ओढली.

तो खाली बघत राहिला. खाली त्याचेच पाय, नुसत्या पायमोज्यांतले! बूट पलीकडे माझ्या शेजारी. अरे लबाडा, लपून लपणार तरी कसा? मला राग नाही आला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

अंबुजाबाईंना ना ती भाषा कळत होती, ना इंग्रजी. पण पोलिसाचा हात माझ्याकडे होता, आणि मुलाची मान खाली होती. तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी पदर खोचला आणि सरळ फितीखालून आत आल्या.

"आई, थांब!" सेतुमाधव ओरडला. पोलीसही ओरडला.

त्यांनी मला उचललं. झाकण फिरवलं. मान मागे टाकून, ओठ न लावता, वरून दोन घोट पाणी प्यायल्या. पदराने तोंड पुसलं आणि मला त्या पोलिसापुढे धरलं.

"तण्णी, कण्णा. नुसतं पाणी आहे रे बाळा. तू घे."

तो पोलीस जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने टोपी काढून कपाळ पुसलं आणि हसला. त्याच्याबरोबरची पोलीस बाई तर खो खो हसायला लागली. पुन्हा असं काही दारात ठेवू नका, एवढं बजावून त्यांनी फीत सोडली.

पुलापर्यंत सेतुमाधव बूट हातात घेऊनच चालला. "पायमोजे ओले झालेत, काढून टाक," अंबुजाबाई म्हणाल्या. बस, तेवढंच. मग डबा उघडून सगळ्यांनी दहीभात खाल्ला.

तांबरमला परतल्यावर अंबुजाबाईंचे गुडघे गेले. प्रवास थांबला आणि मी फ्रिजवर चढलो. आता घरात प्लास्टिकच्या बाटल्या फिरतात. पण कोणी आलं की गोष्ट ठरलेली. "पोलिसाने विचारलं, हे कुणाचं? माझा सेतू छाती काढून पुढे झाला, म्हणाला, आमचं आहे! मग मी पाणी पिऊन दाखवलं." पाहुणे वाहवा करायचे. सेतुमाधव उठून आतल्या खोलीत जायचा. खरं काय ते आम्हा चौघांनाच ठाऊक. मी तर बोलून चालून भांडं, मी काय बोलणार?

तीन वर्षं हे चाललं. परवाच्या दिवाळीत अंबुजाबाईंचे धाकटे भाऊ गुंडोमामा आले होते. फराळ चालला होता. गोष्ट निघाली. "माझा सेतू छाती काढून..." एवढ्यात सेतुमाधव म्हणाला, "नाही आई. मी पुढे झालो नव्हतो. गप्प उभा होतो. भ्यालो होतो मी. तू गेलीस."

गुंडोमामांच्या हातातला लाडू हातातच राहिला.

अंबुजाबाई म्हणाल्या, "ठाऊक आहे रे मला. मी तिथेच होते ना?" त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "इतक्यांदा खोटं सांगितलं, म्हटलं एकदा तरी मला अडवशील."

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना अधूनमधून चिंच लावून घासलंत तर आम्ही खूश होऊ. नाही जमलं तर काळे पडू, आमचं काही अडत नाही. पण चारचौघांत कोणी बोट दाखवून विचारलं, हे कुणाचं, तर 'आमचं' म्हणा. मान खाली घालू नका. आणि ते बोट एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे असलं, तर विचारायची वाटसुद्धा बघू नका.