तिसरा कामठा

करमाडात कुणालाच हे खरं वाटणार नाही, पण मी कामठ्यानं मारलेला बाण रानडुकराच्या मागं मागं वळत गेला होता. परवा मोहियोद्दीन सुतार आमच्या ओट्यावर दाराची चौकट नीट करत होता, त्याला हे सांगितलं तर त्यानं रंधा खाली ठेवला. शेजारी आमची कारभारीण भागूबाई शेंगा फोडत बसली होती.

पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली गावच्या बंदुका ठाण्यात जमा होत्या. माझ्या दोन एकर भुईमुगात शेंगा भरल्या अन् डुकरं घुसली. दुसरं पीक नव्हतं. म्हटलं, एकही शेंग त्यांना द्यायची नाय. धामणीचं लाकूड तोडलं, दोन महिने सावलीत वाळवलं अन् कामठा तासला. मुठीपासून टोकापर्यंत सारखा जाड. ओढला तसा मुठीपाशी मोडला.

“मोडणारच, काका,” मोहियोद्दीन म्हणाला. “सगळा ताण मधेच आला ना.”

मी थांबलो नाही. दुसरं लाकूड आणलं, तेही दोन महिने वाळवलं. मुठीच्या दोन्ही बाजू पट्टीसारख्या चपट्या केल्या, टोकाकडं निमुळत्या. हा मोडला नाही, पण बाण लई मऊ सुटला. डुकरानं त्यावर पाठ खाजवून घेतली.

मग तिसरं लाकूड. पुन्हा दोन महिने. टोकं वाफेवर धरून उलटी वळवली, म्हशीच्या शिंगावाणी. दोरी चढवायला चार गडी लागले. वरच्या टोकावर एक कावळा येऊन बसला होता. मी दोरी सोडली, तो थेट पलीकडच्या शेंद्रा गावात पडला, चालत परत आला. इकडं डुक्कर बांधाकडं वळलं, बाण वळला. डुक्कर ओढ्यात उतरलं, बाणही उतरला.

“बाण कसा वळंल?”

“कामठ्याची टोकं वळलेली होती ना.”

मोहियोद्दीननं रंधा उचलला, परत ठेवला.

“कळप पळाला तो पळालाच,” मी म्हणालो. “वीस पोती शेंगा घरात आल्या.”

भागूबाईनं सूप बाजूला सारलं.

“खोटं बोलताय तुमी. तीन लाकडं, दोन-दोन महिने. शेंगा भरल्यावर डुकरं सहा महिने वाट बघत बसली व्हय? तुमचं पहिलंच लाकूड वाळत होतं तवा रान साफ झालं. त्या साली आपण दाण्याची नाय, तिळाची चटणी खाल्ली. पुढच्या पेरणीचं बी माझ्या भावानं देवगावहून आणलं. अन् तरी तुमी तासतच होता.”