ताटावरून उठणारी गाडी

नांदगाव पेठच्या त्या कापड कारखान्यात आपल्याआपण चालणाऱ्या बारा गाड्या होत्या आणि वच्छलाबाईंचा त्यांच्यावर भारी जीव. ड्रायव्हर नाही, रूळ नाही. पाठीवर तागे घेतले की निघाल्या ठुमकत! तीन चार्जरांवर बसणारी रुई पुसत राहायचं, एवढंच बाईंचं काम. घरी भाजीचा मळा, नवरा आणि दीर अशा दोन भावांत एक विहीर आणि पाण्याच्या पाळीवरून वर्षभराचा अबोला. त्यापेक्षा इथेच बरं वाटायचं.

आज मात्र गाड्यांची परीक्षा होती. संध्याकाळी सहापर्यंत दोनशे तागे गोदामात पोचले तरच गाड्या राहणार, नाहीतर सगळ्या परत, असं मॅनेजर धर्मेंद्रसाहेबांनी बजावलेलं. आणि दुपारी तीनलाच पाच गाड्या चार्जिंग संपून वाटेत ठप्प!

"तीन चार्जरवर बारा गाड्या! मी म्हणालो होतो ना मॅडम, जमणार नाही," साहेब करवादले.

गाड्यांना शिकवणारी इंजिनिअर प्राजक्ता लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसली होती. पोरीचा चेहरा पार उतरला. "काकू, प्रोग्रॅम बरोबर हाय. गाड्या चार्जरवरून उठूनच नाही राहिल्या. काहून, तेच समजत नाही."

वच्छलाबाईंना समजलं होतं.

सकाळपासून त्या बघत होत्या. गाडी चार्जरवर यायची, निम्मीही भरायची नाही, तोच दुसरी आली की मुकाट बाजूला व्हायची. बाईंना ते बघवेना. त्यांच्या घरी जेवत्या माणसाला अर्ध्या ताटावरून कुणी उठवत नाही, मग तो दारावर आलेला अनोळखी का असेना. म्हणून त्यांनी गाडीवरचं 'थांबा'चं लाल बटण दाबून एकेकीला शंभर टक्के भरेस्तोवर बसवून ठेवलं. तेही मोठ्या मायेनं!

सांगावं तर नोकरीचं काही खरं नाही. न सांगावं तर या पोरीच्या मेहनतीची माती. बाई पुढे झाल्या.

"सायेब, पोरीले नका बोलू. बटण म्या दाबलं. अर्धपोटी उठून राहिल्या होत्या बिचाऱ्या, मले पाहावलं नाई."

साहेबांनी कपाळावर हात मारला. प्राजक्ता मात्र हसत सुटली. "अवो काकू, त्या उपाशी नसतात! कोणाजवळ किती उरलं, कोणाले किती लांब जायचंय, हे त्या एकमेकींले सांगतात. जिले जास्त गरज, तिले जागा."

दोघींनी बटणं सोडली, बंद गाड्या ढकलत आणल्या. थोड्या वेळानं सात नंबरची गाडी जड ओझं घेऊन आली, नऊ टक्क्यांवर. चार्जरवरची तीन नंबरची जेमतेम चाळीसपर्यंत भरलेली. कुणी डोळे वटारले नाहीत, कुणी हाक मारली नाही. ती सरकली आणि जागा दिली. व माय! वच्छलाबाईंना भरूनच आलं. माणसाला जमत नाही ते या करत होत्या.

सहाला दहा मिनिटं असताना शेवटचा तागा पोचला. "राहू द्या गाड्या," साहेब म्हणाले. "फक्त बाईंना बटणापासून लांब ठेवा."

बाहेर येऊन बाईंनी घरी नवऱ्याला, खुशालरावांना, फोन लावला. आज विहिरीची पाळी त्यांची होती.

"अवो, वांगे भिजले का?"

"कवाच भिजले. पण पाळी रातपर्यंत आपली हाय. धुऱ्याच्या गवताले सोडलं पाणी."

"मोटर नत्थुभाऊजीले देऊन द्या. त्यायची मेथी सुकून राहिली."

तिकडून मोटरचा आवाज येतच होता.

"मंग त्याले हाक कोण मारन?"

"तुमी," वच्छलाबाई म्हणाल्या. "आपलं भरलं ना!"