हुसेनच्या नावाचा मलिदा

माझ्या पोराचं नाव हुसेन. हुसेन गुणाजी कोळी. त्याच्याआधीची बाळं माझ्या हातात राहिली नाहीत, तेव्हा सासू मला कोलशेतच्या खाडीकाठच्या पिराकडे घेऊन गेली. "जगला तर तुझ्या घरचं नाव ठेवीन," असा नवस बोलले. जगला! तेव्हापासून दर उरुसाला मी गूळ-तुपाचा मलिदा नेते आणि मुजावर कासमभाई हुसेनच्या नावाने फातिहा पढतो. कोळीवाड्यात कुणाला त्याचं नवल नव्हतं.

मग त्र्याण्णवची दंगल झाली. कामावरून येताना जमावाने नाव विचारून हुसेनची कॉलर धरली. गळ्यातला एकवीरा आईचा बिल्ला दाखवला तेव्हा कुठे सोडलं. पोरगा सरळ ठाण्याला गेला, कोर्टात अ‍ॅफिडेव्हिट केलं, पेपरात जाहिरात दिली, गॅझेटात छापून आणलं. मोरेश्वर झाला.

काय काय बोलले मी त्याला! "गरज सरो नि वैद्य मरो! पिराने तुला जगवला, नि त्याच्याच नावाची लाज? बांगड्या भर, मेल्या!"

तो मान खाली घालून म्हणाला, "आये, तुला कोण नाव विचारतंय गो?"

यंदा उरुसाला मी एकटीच निघाले. दर्ग्याच्या वळणावर आमच्याच आळीतला देवराम टोळकं घेऊन उभा होता, कोण आत जातं ते बघत. लहानपणी माझ्याच हातचा मलिदा मागून खायचा, मेला! "काकू, इथे कशाला?" म्हणत उंबऱ्यापर्यंत मागे आला. मनात म्हटलं, थांब, आज ओरडूनच सांगते हुसेनचं नाव.

कासमभाईने ताट घेतलं. "कुणाच्या नावाने, जनाबाई?" दरवर्षी विचारायची रीतच आहे.

पाठीशी देवराम. घरी सून, नातवंडं.

"मोरेश्वरच्या," मी म्हटलं.

अगो बाय माझे! धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ज्या जिभेने नवस बोलले, तीच जीभ फिरली. कासमभाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उंबऱ्याकडे. मग हात वर केले आणि देवरामला ऐकू जाईल असं म्हणाला, "मोरेश्वरला लंबी उमर दे."

घरी येऊन पोरापुढे मलिदा ठेवला. त्याने घास उचलला नि थांबला. "आये, कुणाच्या नावाने पढला?"

मी चुलीकडे तोंड फिरवलं. "खा गुमान," म्हटलं.