रिकाम्या सापळ्याचं शून्य

मित्रांनो, मी एक जुना, मुठीत मावणारा पोलादी काउंटर आहे. बटण दाबलं की टिक वाजतं आणि खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. नागऱ्याच्या यात्रेत मी वर्षानुवर्षं भाविक मोजले. नंतर चैतराम या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती आलो.

त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खोडकिड्याचे सहा सापळे असतात. अडकलेल्या प्रत्येक पतंगाला एक टिक. आकडा वहीत लिहिला की ते मला शून्यावर आणत आणि पुढच्या सापळ्याकडे वळत. सापळ्यामागे सरासरी आठाच्या वर गेली तरच फवारणी, असा त्यांच्या शेतकरी गटाचा नियम. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे.

यंदा त्यांची मुलगी रुचिका कृषी कॉलेजातून लॅपटॉप घेऊन आली. त्याला मऊ पिशवी, मला खुंटी. माझा जळफळाट झाला; खोटं कशाला सांगू? चैतराम सवयीने मला सोबत नेऊन टिकटिक करत, एवढंच. रुचिका प्रत्येक पतंगाची एक ओळ मोबाइलमध्ये भरायची. घरी लॅपटॉप सापळ्यानुसार ओळी मोजून सरासरी काढायचा.

त्या सकाळी छत्तीस पतंग निघाले. लॅपटॉप म्हणाला, सरासरी नऊ. फवारणीचा पंप बाहेर आला. बांधीला लागूनच बोडी, म्हणजे छोटं तळं. तिच्यात चैतरामांनी नुकतंच मत्स्यबीज सोडलं होतं. औषध तिकडे उतरलं असतं तर एकही मासोळी वाचली नसती. शेवटच्या दोन सापळ्यांपाशी तर मी शून्यावरच थांबलो होतो! लॅपटॉपची चूक मला कळली आणि, सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला.

पंप पाठीवर घेण्याआधी चैतरामांनी मला खिशातून काढलं. खिडकीतलं शून्य पाहून त्यांना शेवटचे दोन सापळे आठवले आणि ते लॅपटॉपवर वाकले.

"रुचिका, सापळे सहा हायेत. हा चारच काऊन मोजून राहिला?"

"बाबा, दोन रिकामे होते. पतंगच नाही तं ओळ कायची भरू?"

"मंग शून्य भर. सापळा तं उभा होता ना."

तिने दोन शून्यं भरली. उत्तर आलं सहा. पंप पुन्हा भिंतीला टेकला.

"पाहा बाबा, एका क्षणात केलं यानं," लॅपटॉपवर हात फिरवत रुचिका म्हणाली. मला पुन्हा खुंटी.

मित्रांनो, लॅपटॉप खुशाल वापरा. पण ज्याच्या हाती काहीच लागलं नाही, त्यालाही मोजा. आणि जमलं तर माझ्या स्प्रिंगला तेलाचा एक थेंब द्या. खुंटीवरून मला बोडी दिसते. मासोळ्या उड्या मारतात, तेव्हा मोजायची फार इच्छा होते. पण बटण दाबायला कुणाचा तरी हात लागतो.