पाळण्याची लाइन

माझे कॅमेरे पाळण्याच्या विजेच्या लाइनवर टाकू नका, असं मी सावळारामकाकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हसाच्या जत्रेत त्यांचं घोंगड्यांचं दुकान. त्यांनी आणि ओळीतल्या दुकानदारांनी मिळून माझ्याकडून कॅमेरे बसवून घेतले. म्हणाले, "दिपेश, जत्रा उठली की काढायचंच हाय, वेगळी लाइन कशाला?" मग घ्या आता. दिवसभर चित्र झकास, आणि अंधार पडून समोरचा मोठा पाळणा दिव्यांनी उजळला की पडदा काळाकुट्ट. शिव्या मात्र मला.

त्या संध्याकाळी मी दुकानात मीटर लावून वायरी चाचपत बसलो होतो. एवढ्यात शेणव्याच्या वरच्या पाड्यातला नवसू आला. याच्याकडे मी मागं लाइट फिटिंगचं काम केलेलं.

"दादा, आय चुकली आमची. तुमच्या टीव्हीत बघा ना जरा."

राही, म्हणजे त्याची बायको, बांगड्या भरत होती तेवढ्यात त्याची आय गोदूआजी गर्दीत कुठं गेली कळलं नाय. तिला ऐकू येत नाय, म्हणून भोंग्यावरनं पुकारा करून काय उपयोग? नजरही अधू, उजेड तेवढा कळतो. अंगावर नुसतं लुगडं आणि पौषातली थंडी.

"राही कुठं हाय?"

"पाळण्याखाली उभी केलीय. हलू नको सांगितलंय तिला."

बरं केलंस, म्हटलं. का उभी केली ते विचारलं नाय, माझं सगळं लक्ष मीटरमध्ये.

कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात, मीटर नऊ दाखवत होता. पाळणा माणसं उतरवायला थांबला की वीज चढायची, कॅमेरा जागा व्हायला लागायचा, आणि चित्र यायच्या आत पाळणा पुन्हा सुरू. मी अडॅप्टर बदलला, वायरीचे जोड सोडून नव्याने मारले. कपाळ माझं. मुळात वीजच पुरत नाय तिथं जोड मारून काय होणार? नवसू त्या काळ्या पडद्याला नाक लावून बसला होता. मला त्याची दया येत होती आणि सावळारामकाकांचा भयंकर राग येत होता.

शेवटी उठलो आणि पाळणेवाल्या धाऊशेठकडं गेलो.

"ऐन धंद्याच्या टायमाला पाळणा बंद करू?" तो म्हणाला.

"शेठ, म्हातारं माणूस हरवलंय. थोडा वेळ."

माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना उतरवलं, मोटर बंद केली. मी धावत येऊन मीटर पाहिला, तरी अकराच्या आतच. दुकानातूनच हात करून ओरडलो, "दिवे पण बंद करा." धाऊशेठने तेही केले. वरपासून खालपर्यंत पाळणा अंधारात गेला.

जरा वेळाने चित्र आलं. बैलबाजाराकडच्या टोकाच्या कॅमेऱ्यात, गर्दीच्या मधोमध, गोदूआजी. मला इतका आनंद झाला की मी नवसूच्या पाठीत धपका घातला.

"सापडली रे. तोंड आपल्याकडंच हाय बघ तिचं."

ती जागच्या जागी उभी होती. कपाळावर हात आडवा धरून वर बघत होती. मान इकडं वळवायची, तिकडं वळवायची, परत वर.

"वर काय बघते ती?" मी विचारलं.

नवसूचा चेहरा उतरला.

"दादा, दिवे लावायला सांगा. मीच तिचा हात धरून दाखवलेलं, चुकलीस तं पाळण्याच्या दिव्यांकडं चालत ये."

पडद्यावर म्हातारी हळूहळू वळली. बैलबाजाराच्या पलीकडं रस्ता आहे. तिथं गाड्यांचे दिवे चमकत होते. ती त्या दिव्यांकडं चालायला लागली. नवसू दुकानातून उडी मारून पळाला, पण त्या गर्दीत पळणार तरी किती? मला ती दिसत होती, आणि हाक मारली तर तिला ऐकू जाणार नव्हती. दोन पावलं, चार पावलं, आणि ती चित्राच्या बाहेर गेली.

"शेठ, दिवे लावा," मी बोंबललो. "लवकर लावा."

पाळणा झगझगीत उजळला. त्याच्याखाली राही तशीच उभी होती, सासूची वाट बघत. माझ्यासमोरचा पडदा काळा झाला होता. म्हातारीने मागं वळून पाहिलं की नाय, हे मला आता दिसणार नव्हतं.