पाणमांजर आणि पाठमोरी बाई

राखेच्या पाण्यात उकडलेला मका डेलबर्ट अंगणात नळाखाली चोळत होता. बायकोने, वर्नाने, इस्पितळातून निरोप धाडला होता: सूप हवं, पण विकतच्या डब्यातलं नको. तेवढ्यात तिची धाकटी बहीण आर्लीन गाडीतून उतरली आणि गाडीचं दार न लावताच आत आली.

"दाजी, हात पुसा."

"थांब, एक पाणी राहिलंय. सालं राहिली की तुझी बहीण मलाच सोलून काढते."

"आता नाही काही म्हणणार ती, दाजी."

त्याने नळ बंद केला. मका टोपलीत निथळत राहिला.

वर्ना हरणाच्या शिंगाचे कंगवे कोरायची आणि सेनेकांच्या, म्हणजे त्यांच्या मूळ अमेरिकी जमातीच्या, जुन्या गोष्टी सांगायची. वस्तीत तिच्याइतक्या गोष्टी कुणाकडे नव्हत्या. त्या सांगायच्या मात्र बर्फ असतानाच. उन्हाळ्यात सांगितल्या तर मधमाश्या ओठाला चावतात. आणि डेलबर्ट रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. बर्फ पडला की तिच्या स्वयंपाकघरात माणसं जमायची आणि हा बाहेर पडायचा. परतावं तर कप धुऊन पालथे घातलेले. लग्न झाल्यापासून हेच. या वसंतात तो निवृत्त झाला.

आदल्या आठवड्यात तिच्या खाटेशी बसून त्याने म्हटलं होतं, "एक तरी सांग की."

"खिडकीतून बघ. काय दिसतंय?"

"गाड्या. ऊन."

"मग?"

"इथला एसी बघ, हाडं गोठलीत माझी. तो नाही चालत?"

ती हसली, हसताना धाप लागली. सांगितलं मात्र नाही. त्याला तेव्हाही राग आला होता.

दहाव्या दिवसाच्या जेवणात रिवाजाप्रमाणे तिच्या वस्तू वाटल्या. शाली, भांडी, मण्यांच्या माळा. शेवटी आर्लीनने एक अर्धवट कंगवा पुढे केला. वरच्या पट्टीवर एका कडेला पाणमांजर, दुसऱ्या कडेला पाठमोरी बाई. मधे कोरं शिंग.

"आजीची गोष्ट आहे ही. आमच्यापैकी कुणीच ऐकलेली नाही. तुझे दाजी घरी बसतील तेव्हा सांगेन, म्हणायची. तुम्हाला काही बोलली का? मधे काय येतं?"

"माझ्यासाठी राखून ठेवली? कुणी सांगितलं होतं राखायला? चावल्या असत्या माश्या तर चावल्या असत्या!"

"हळू, दाजी. लोक जेवतायत."

"जेवू देत! हे ऐकत बसायचे आणि मी यांचे रस्ते उकरायचो!"

त्याने कंगवा खिशात टाकला.

नोव्हेंबरात बर्फ आला. माणसं सवयीने जमली. आर्लीनला येत होत्या त्या गोष्टी तिने अडखळत सांगितल्या. डेलबर्ट खिडकीशी बसून कंगव्याच्या दात्यांवर कानस फिरवत होता. तेवढं त्याला जमत होतं.

हिवाळा सरता सरता दाते गुळगुळीत झाले. मधली जागा कोरायची राहिली.