नकाशावर चढलेला सोडा कारखाना

आप्पा मयेकरांचा गोटीसोड्याचा कारखाना म्हणजे पडवीतलं हाताने फिरवायचं एक यंत्र आणि ते फिरवताना कुरकुरणारे आप्पा. पण सोडा फसफसायचा, गिऱ्हाईक खणखणीत ढेकर देऊन जायचं, आणि आप्पांना वाटायचं, उभ्या रत्नागिरीत आपल्यासारखा कारखानदार नाही. हे पटत नव्हतं ते एकट्या मालगुंडच्या सासऱ्यांना. ते चारचौघांत जावयाला 'बाटलीवाला' म्हणायचे. आप्पांच्या ते जिव्हारी लागायचं.

अशात शहराची सरकारी मोजणी निघाली. घर न् घर, विहीर न् विहीर दाखवणारा भला मोठा नकाशा होणार होता. गल्लीतला कौलांचा कारखाना आणि लाकडाची वखार मोजूनही झाली. आप्पांनी ठरवलं, आपणही नकाशात कारखानदार म्हणून चढायचं आणि तो कागद सासऱ्यांच्या नाकासमोर धरायचा.

मोजणीदार साखळी घेऊन आला. पडवी बघून म्हणाला, "एवढीशी जागा कागदावर तिळाएवढी दिसेल. तिच्यावर अक्षरं कुठं लिहू? घर म्हणूनच दाखवतो."

आप्पांनी घाईघाईने घराचं दार पुरतं उघडलं. "अवो, कारखाना पडवीत संपत नाय! आत या तुमी."

मग त्यांच्या जिभेला हाड राहिलं नाही. माजघर झालं गोदाम. माडीवर म्हणे बाटल्या वाळतात, न्हाणीत धुतात. देवघराला कचेरी म्हणताना मात्र त्यांनी मनातल्या मनात कान धरले. शेवटी स्वयंपाकघर आलं. तिथे त्यांची बायको आनंदीबाई कुळथाची पिठी ढवळत होती.

"आणि हे?"

"लिंबूसोड्याचा पाक करायची जागा," आप्पा म्हणाले.

मोजणीदाराने नाक वर करून वास घेतला. "पाकात लसूण?"

"गिऱ्हाइकाची आवड वो!"

आनंदीबाईंची पळी हवेतच राहिली. परक्या माणसासमोर त्यांनी राग गिळला आणि पिठी जोरजोरात ढवळायला घेतली.

पुढल्या वर्षी नकाशा छापून आला. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत ठसठशीत अक्षरं होती : सोडा कारखाना. आप्पांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी एक प्रत विकत आणली आणि रविवारी सकाळीच सासऱ्यांना बोलावून घेतलं.

म्हाताऱ्याने चष्मा लावला, नकाशा उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. "जावईबापू, मी चुकलो. येवढा पसारा असंल असं नव्हतं वाटलं."

हे ऐकायला आप्पा लग्नापासून आसुसले होते. त्यांचे डोळे भरून आले.

पण सासऱ्यांचं बोट अजून कागदावर फिरतच होतं. "हिर हाय, गोठा हाय, कारखाना हाय. माझी लेक ऱ्हाते कुठं?"

"ती... पाकाच्या जागेत," आप्पा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

पदराला हात पुसत आनंदीबाई बाहेर आल्या. "बाबा, मी हितं ऱ्हायला नाय, कामाला हाय. कारखान्यातल्या माणसांना आयतवारची सुट्टी असते ना वो? चला, खाडीपल्याड जायच्या तरीची वेळ झाली."

आप्पांनी थांबवायला तोंड उघडलं. पण घरी थांब म्हणावं, तर सरकारी कागदावर घर होतं कुठे?

बापलेक खाडीच्या वाटेला लागली. दुपारी आप्पांना सपाटून भूक लागली, तेव्हा त्या अवाढव्य कारखान्यात सोड्याशिवाय काहीच तयार नव्हतं.